अधिकार दिले की काम ‘आपोआप’ सुधारतं?

मांडवीकाठ: कर्मचाऱ्यावर विश्वास टाका, अधिकार द्या. तो खूश राहील आणि काम आपोआप सुधारेल. पणजीचं हॉटेल असो वा वेर्ण्याचा कारखाना, उपाय हाच.

वेर्णा_शिफ्ट: हे ‘आपोआप’ वाचून राहवलं नाही. टिमोथी जज हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2001 च्या आढाव्यात समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध 0.30 च्या आसपास निघाला (1 म्हणजे पूर्ण नातं). नातं आहे, पण एवढ्यावर कारखाना चालत नाही. औषधी गोळ्यांच्या लाइनवर ऑपरेटरचा खरा अधिकार म्हणजे गोळीचं वजन मर्यादेबाहेर जायला लागलं की मशीन थांबवणं. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी कार्यपद्धतीत, तो लिहिलेला असतो. मशीन थांबलं की डिव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याची नोंद, उघडतं. खरं कारण हॉपरमधून (वरच्या नरसाळ्यातून) औषधाचे दाणे नीट न उतरण्यात किंवा झिजलेल्या पंचमध्ये (गोळी दाबणाऱ्या दांड्यात) असतं, पण रकान्यात ‘ऑपरेटरची चूक, पुन्हा प्रशिक्षण दिले’ लिहून फाइल बंद. पुढच्या खेपेस तो कशाला थांबवेल?

बार्देशकर: म्हणून अधिकारच नकोत? रिट्झ-कार्लटनमध्ये पाहुण्याची तक्रार मिटवायला साध्या कर्मचाऱ्यालाही 2000 डॉलरपर्यंत खर्चाची मुभा असल्याचं प्रसिद्ध आहे. आपल्याकडे रात्री 11 ला एसी बंद पडला तर रिसेप्शनवरच्या मुलीने रूम बदलायलाही ड्युटी मॅनेजरला शोधायचं. तिला रकमेची मर्यादा ठरवून द्या, कारण नोंदवायला सांगा, नाइट ऑडिटमध्ये, म्हणजे रात्रीच्या हिशेब तपासणीत, बघा. झालं.

फोंडा_कट्टा: तपासणार कोणाच्या नावावर? ऑक्टोबरला घेतलेल्या कंत्राटी पोरांना स्वतःचं लॉगिनच देत नाहीत. सगळे सुपरवायझरच्या आयडीवर बिलं काढतात. गल्ल्यात तूट आली की सगळ्यांच्या पगारातून कापायची, आणि पावसाळ्यापूर्वी घरी पाठवायचं. आधी हे बोला!

बार्देशकर: कंत्राटाचा विषय वेगळा आहे, धागा भरकटवू नका.

फोंडा_कट्टा: वेगळा कसा? सीझनभर काउंटर तीच सांभाळतात. लॉगिन द्यायला पाच मिनिटं लागतात. ते न देता सक्षमीकरणाची भाषणं ठोकता, राग येणारच.

बार्देशकर: बरं, लॉगिनशिवाय माझी मर्यादाही कागदावरच राहील, हे मानावं लागतं.

मांडवीकाठ: म्हणजे विश्वासच हवा, मी तेच म्हटलं!

वेर्णा_शिफ्ट: नाही. तुम्ही विश्वास टाकायला सांगून मोकळे झालात. संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांत चांगल्या चमूंकडून चुकांची नोंद जास्त झालेली आढळली, कारण तिथे सांगायची भीती नव्हती. आपल्याकडे सर्वांत कमी डिव्हिएशनवाल्या शिफ्टला बक्षीस देतात, मग नोंदी दडपल्या जाणारच. आधी ते बक्षीस बंद करा. ‘ऑपरेटरची चूक’ लिहिण्याआधी पंचची मोजमापं जोडणं सक्तीचं करा. समाधानाचं नंतर बघू.