फवारणी करतो, शुक्राणू कमी निघाले. वनस्पतींच्या अर्काने फरक पडेल का?

पाठीवरचा_पंप यांचा प्रश्न

मंडळी, विषय अवघड आहे म्हणून टोपणनावाने लिहितोय.

वय ३४. सहा वर्षं फवारणीचं काम करतो. पाठीवरचा पंप, हंगामात आठवड्यातून तीन-चार दिवस. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. आधी बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या (आधी तिच्याच का, हे विचारू नका, चूक माझीच). काही निघालं नाही. मग माझी झाली. शुक्राणू मिलीलिटरमागे ९ मिलियन, पुढे सरकणारे १८ टक्के. रिपोर्टवर बाजूला किमान म्हणून १६ आणि ३० छापलंय. डॉक्टरांनी काम काय करता विचारलं, मी सांगितलं, ते "हं" म्हणाले आणि लिहायला लागले.

रात्री शोधत बसलो तर उंदरांवरचे प्रयोग सापडले, ढिगाने. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक दिलं की शुक्राणू घटतात. सोबत हळदीतलं कर्क्युमिन, शेवग्याच्या पानांचा अर्क नाहीतर अश्वगंधा दिली की कमी घटतात. हे ओळखीच्या एकाला बोललो तर त्याने दुसऱ्याच दिवशी बाटली आणून दिली. वर लिहिलंय, "वनस्पतीजन्य, पूर्ण सुरक्षित". टोपण अजून उघडलेलं नाही.

काम सोडता येणार नाही, घर त्यावरच चालतं. बाटली घेत घेत फवारणी चालू ठेवली तर चालेल का? "हे सगळं थोतांड आहे" किंवा "हा कंपन्यांचा डाव आहे" असं लिहायचं असेल तर कृपया दुसरा धागा काढा.

---

सकाळचा_चहा

मी सहा महिने अश्वगंधा घेतली, ११ चे २० झाले. घ्या बिनधास्त. झाडपाल्याने नुकसान काय होणार?

---

उंदीरमामी

दादा, हे टोपणनाव मला कॉलेजात पडलं, कारण असल्याच एका प्रयोगात उंदरांना रोज अर्क पाजायचं काम माझ्याकडे होतं. पाजायचं म्हणजे टोकाला गोळी असलेली बोथट सुई घशातून थेट पोटात. त्यामुळे त्या निबंधांमागे प्रत्यक्षात काय चालतं ते सांगू शकते.

अर्काची कल्पना थोतांड नाही. शुक्राणूच्या आवरणात असंतृप्त स्निग्ध आम्लं भरपूर असतात, ती चटकन ऑक्सिडाइझ होतात. शिवाय पेशीत पेशीद्रव जेमतेम, म्हणजे बचावाची एन्झाइमंही तुटपुंजी. क्लोरपायरिफॉससारखी औषधं शरीरात ऑक्सिडेशनचा ताण वाढवतात, आणि अर्कातले घटक तो कमी करतात. आमच्या उंदरांत हे दिसलंही.

पण वेळापत्रक बघा. आम्ही अर्क आधी द्यायचो आणि तासाभराने विष, तेही पहिल्या दिवसापासून. आधी छत्री, मग पाऊस. सहा वर्षं भिजून आलेला उंदीर आमच्याकडे कधी आलाच नाही. प्रयोग २८ दिवसांत आटोपायचा, आणि उंदरात शुक्राणू तयार होण्याचं एक पूर्ण चक्रही त्याहून लांब असतं. माणसात ते साधारण ७४ दिवसांचं, वर पुढच्या नळीत पक्व व्हायला आणखी दोनेक आठवडे. मात्राही बघा. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम, तर माणसासाठी शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने ढोबळ सहाने भागायचं. तुमचं वजन ६० किलो धरलं तर रोज जवळजवळ दोन ग्रॅम अर्क. पावडर नव्हे, अर्क. बाटलीवर एका चमच्यात किती अर्क आहे ते लिहिलंय का, शोधा.

आणि निबंधाच्या शीर्षकात जे कधीच येत नाही ते: आमच्या तक्त्यात सगळ्यात चांगला आकडा अर्कवाल्या गटाचा नव्हता. तो विष न दिलेल्या उंदरांचा होता.

शिवाय सगळी औषधं एकाच वाटेने मारत नाहीत. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घ्या. ते पेशीविभाजनाला लागणाऱ्या सूक्ष्मनलिकाच मोडतं. विन्क्लोझोलिन हे दुसरं बुरशीनाशक पुरुष हार्मोनची जागा अडवून बसतं. तिथे ऑक्सिडेशन कमी करून किती भागणार? डीबीसीपी नावाचं सूत्रकृमिनाशक होतं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाहीये. तपासणीत काहींच्या वीर्यात एकही शुक्राणू नव्हता. संपर्क थांबल्यावर बऱ्याच जणांचे आकडे सुधारले, काहींचे कधीच नाहीत. ते आपसात बोलले म्हणून कळलं. तुम्ही इथे लिहिलंत ते बरंच केलंत.

माणसांवरच्या चाचण्यांचं म्हणाल तर २०२० मध्ये एक मोठी प्रसिद्ध झाली. २३७० जोडपी, पुरुषांना सहा महिने फॉलिक ॲसिड आणि झिंक. ना वीर्याचे आकडे सुधारले, ना मुलं जास्त झाली. तो वनस्पतींचा अर्क नव्हता हे मान्य, पण मोठ्या आशेने दिलेली गोळी होती.

चहावाले, तुमचे ११ चे २० झाले याचा आनंदच आहे. पण त्याच माणसाचे काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुनेही दुपटीने वेगळे येऊ शकतात. आणि झाडपाल्याने काय होणार म्हणता? सरकीतलं गॉसिपॉल १९७०च्या दशकात चीनमध्ये पुरुषांना गर्भनिरोधक म्हणून दिलं होतं. काम चोख केलं. मग काहींचं रक्तातलं पोटॅशियम घसरलं आणि काहींचे शुक्राणू परत आलेच नाहीत. कडुनिंबाच्या अर्कानेही नर उंदरांची प्रजननक्षमता घटलेली आहे. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वनस्पतीला आपली बाजू घ्यायची असते असं कुणी सांगितलं?

दादा, एकाच नमुन्यावर जाऊ नका. दुसराही द्या, आणि त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन होऊ देऊ नका. मूत्रविकारतज्ज्ञाकडून व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषातल्या शिरा फुगलेल्या, आहे का ते बघून घ्या. सगळंच फवारणीच्या माथी मारलं आणि बरं होण्यासारखं काही तपासायचं राहिलं, असं नको. आणि कोणकोणती औषधं मारता त्यांच्या घटकांची नावं लिहून न्या, म्हणजे डॉक्टर "हं"च्या पुढे जातील.

---

नोझल_काका

मामींनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. २२ वर्षं पंप मारला आहे.

अरे, पंप गळतो का तुझा? गळत असेल तर पाठीवरून कमरेला, तिथून जांघेत. तिथली कातडी फार पातळ. पॅराथिऑन या कीटकनाशकावर मोजमाप झालं आहे, हाताच्या कातडीपेक्षा अंडकोषाच्या कातडीतून दहापटीहून जास्त आत जातं. आपण तोंडाला फडकं बांधतो आणि खाली ओली पँट दिवसभर घालून फिरतो. शहाणपण सगळं नाकाला.

लघवीला जाताना हात आधी धुवायचे. नंतर तर सगळेच धुतात. मला हे कळायला १५ वर्षं लागली.

टाकीत औषध कालवतानाचा हातमोजा सर्वांत महत्त्वाचा, कारण तेव्हा ते पातळ केलेलं नसतं. मोजा नायट्राइलचा, म्हणजे कृत्रिम रबराचा, कापडी नको, कापड शोषून धरतं. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. हो, मीही फुंकायचो. फवारलेल्या रांगेत परत शिरायचं नाही, वाऱ्याकडे पाठ ठेवून मागे मागे सरकत मारायचं. आणि कामाचे कपडे बायकोच्या हातात द्यायचे नाहीत, तूच वेगळे धू. मूल दोघांना हवं आहे ना?

---

पाठीवरचा_पंप

मामी, काका, काल रात्री पंपात नुसतं पाणी भरून पाठीला लावला आणि खाली कोरडा कागद अंथरला. दहा मिनिटांत कागद ओला. टाकीच्या बुडाचं वॉशर गेलंय, कधी गेलं देव जाणे.

मग कामाच्या दोन्ही पँटी काढून उजेडात धरल्या. दोन्हींचा रंग एकाच जागी उडालाय, उजव्या कुल्ल्यापासून जांघेपर्यंत. बायको म्हणाली, मी तर तुला केव्हाच दाखवलं होतं, तू म्हणालास घामाने गेला असेल.

वॉशर आज बदललं. औषधांची नावं लिहायला बसलो तर अकरा निघाली, त्यात कार्बेन्डाझिम आहे. दुसरा नमुना पुढच्या आठवड्यात, तिसरा तीन महिन्यांनी.

आणि मामी, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. अर्क किती ते कुठेच नाही. घटकांच्या यादीत चौथं नाव कडुनिंबाची पानं. टोपण बंदच आहे, उद्या ज्याची त्याला परत करतो.