मदत हवी आहे: समोरच्याने लाइट मारला की जायचं की थांबायचं?
नमस्कार मंडळी. गाडी शिकून चारच महिने झालेत. क्लच-गिअर जमलं, पण सिग्नल नसलेल्या चौकात आधी कोणी जायचं, यात अजून गडबडतो.

थोडं कळलंय. डावीकडून वाहनं चालतात तिथे गोल चक्करमध्ये आधीच फिरत असलेल्या, म्हणजे आपल्या उजवीकडून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची. लाल कडेचा उलटा त्रिकोण दिसला की वेग कमी करून मुख्य रस्त्यावरच्यांना जाऊ द्यायचं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जागा, कारण चढावर थांबून पुन्हा गाडी उचलणं अवघड (हे मला घाम फुटल्यावर पटलं).

अडतं ते इथे: मला उजवीकडे वळायचंय आणि समोरून एकजण सरळ येतोय. थांबायचं मीच, हे ठाऊक आहे. पण तो लाइट मारतो! म्हणजे ‘तू जा’ की ‘मी येतोय, थांब’? परवा मी ‘जा’ समजून वळलो आणि दोघांनीही करकचून ब्रेक मारले. मागचा हॉर्न वाजवून जीव खात होता तो वेगळाच.

अनुभवी मंडळी, अशा वेळी तुम्ही नेमकं काय बघून ठरवता?