मदत हवी आहे: पहिली ट्रायथलॉन, आणि मी अजून विहिरीतच

नमस्कार मंडळी,

आधी पोटभर हसून घ्या, पण मग उत्तर द्या.

वय ४४, मुक्काम पुणे, पोट आहे. मे महिन्यात आमरसावर आडवा हात मारत असताना मेहुण्याने विषय काढला. मिलिंद सोमणने पन्नाशीला टेकल्यावर, २०१५ साली झुरिकला आयर्नमॅन पूर्ण केलं. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. "दाजी, तुम्हाला यातलं पावसुद्धा जमायचं नाही." चौथ्या वाटीच्या भरात मी डिसेंबरातल्या एका स्प्रिंट ट्रायथलॉनला नाव घातलं. ७५० मीटर तलावात पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. हे पावापेक्षाही कमी आहे, हा हिशोब नंतर कळला. पैसे परत मिळत नाहीत, हे त्याच्याही नंतर.

फॉर्ममध्ये 'पोहता येतं का?' असा रकाना होता. मी छाती फुगवून 'हो' लिहिलं. खोटं नाही हो! वाईजवळ आजोळी विहिरीत शिकलोय. मामाने पाठीला वाळका भोपळा बांधला आणि ढकललं. सूर येतो, मुटका तर असा मारायचो की काठावरच्या बायकांची धुणी भिजायची. पण विहिरीत शिकलेल्याला पाण्याची खोली माहीत असते, लांबी नाही. चार हात मारले की समोर दगडी पायरी हजर. टँक निघाला २५ मीटरचा, म्हणजे ३० लेंथ. पहिल्या दिवशी अर्ध्यातच मी पायरी शोधायला लागलो.

आता तीन महिने झाले. मान वर काढून पोहू नका, असं सर ओरडतात. मान खाली घातली की श्वास कोंडतो, नाकात पाणी जातं, आणि एका लेंथनंतर मी दांडीला धरून वटवाघळासारखा लोंबकळतो. शेजारच्या लेनमध्ये पासष्टीच्या एक काकू ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं पोहणं) करत, मैत्रिणीशी सुनेविषयी बोलत बोलत, न थांबता चाळीस लेंथ मारतात. दम लागतो तो फक्त मैत्रिणीला, तोही ऐकून.

सायकल बरी चाललीय. भाच्याची गिअरची आणलीय, जुना कात्रज घाट एकदा चढलो (दोनदा उतरून). पण चालवता चालवता बाटली काढायला हात सोडला की सायकल रस्त्यावरच्या खड्ड्याकडे ओढीने जाते. दुसरं, संकोच सोडून विचारतो: त्या गादीवाल्या चड्डीच्या आत आपली नेहमीची चड्डी घालायची असते का? मी घालतो, आणि नंतर दोन दिवस ऑफिसात उभ्याने काम करतो.

धावण्याबद्दल एवढंच, की सायकलवरून उतरून धावायला लागलो की पाय माझे राहत नाहीत. सोसायटीच्या वॉचमनने काल विचारलं, "साहेब, काही लागलंय का?"

तर, पोहण्यातल्या श्वासाचं काय करू? ब्रेस्टस्ट्रोक चालतो का? आणि चड्डीचं सांगाच.

पाणकोंबडी: चड्डीचं आधी. आत काहीही घालायचं नाही! शिवणी घासतात, म्हणून तर ती गादी असते. ऑफिसातली खुर्ची परत मिळेल.

ब्रेस्टस्ट्रोक बिनधास्त करा, ट्रायथलॉनमध्ये कोणताही स्ट्रोक चालतो. अगदीच दम लागला तर बोयाला (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) धरून थांबताही येतं, फक्त त्याला ओढून पुढे सरकायचं नाही. तुमचा खरा घोळ वेगळा वाटतो. तुम्ही पाण्यात श्वास धरून ठेवता ना? मग वर आल्यावर सोडायचाही आणि घ्यायचाही, एवढा वेळ मिळत नाही. तोंड पाण्यात असतानाच बुडबुडे सोडत राहा, वर आल्यावर फक्त घ्या. आठवडाभर नुसतं दांडीला धरून हेच करा. लोंबकळता आहातच.

घाटवाट: मान वर काढली की कंबर बुडते, म्हणून सर ओरडतात. पण विहिरीची विद्या टाकून देऊ नका. तलावात तळाला काळी पट्टी नसते, सात-आठ हातांनंतर मगरीसारखे डोळे वर काढून बोया बघावा लागतो. टँकवाल्यांना ते नव्याने शिकावं लागतं, तुम्हाला उपजत येतंय.

पाय परके होणं सगळ्यांचंच होतं. आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच दहा मिनिटं धावा, शेवटचे दोन किलोमीटर हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवा. आणि स्पर्धेत हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरून सायकल काढू नका, दंड होतो.

अजून एक. पोहताना पुढच्याच्या पायामागे राहिलं तर कष्ट कमी पडतात, आणि ते नियमात बसतं. सायकलवर मात्र हौशी लोकांच्या स्पर्धांत बहुतेक ठिकाणी मनाई असते.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी): मंडळी, धन्यवाद. खुर्चीवर बसून लिहितोय.

बुडबुड्यांनी चमत्कार केला. फ्रीस्टाइलच्या सलग सहा लेंथ होतात, पुढे बेडूक होऊन अकरापर्यंत जातो. घाटवाट यांचा सल्ला मनावर घेऊन परवा काकूंची लेन पकडली आणि त्यांच्या पायामागे राहिलो. कष्ट खरंच कमी पडतात! एकोणीस लेंथ झाल्या, माझा विक्रम. सुनेचं प्रकरणही बरंच पुढे सरकलं.

विसाव्या लेंथला काकू दांडीपाशी थांबल्या, गॉगल कपाळावर चढवला आणि अख्ख्या बॅचला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, तुम्ही माझ्या मागे का लागलाय?"

उद्या सव्वासहाला परत टँकवर जायचंय. त्यांना नेमकं काय सांगू, कृपया लवकर सुचवा.