मदत हवी आहे : सोसायटीच्या सभेत पाच मिनिटं बोलायचंय

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. येत्या रविवारी वार्षिक सभेत गच्चीवर सोलर बसवायचा मुद्दा मला मांडायचाय. हातात पाच मिनिटं, समोर चहा-सामोशाची वाट बघणारे साठेक सभासद.

मुद्दा भक्कम आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल उतरेल. १ किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, शिवाय पीएम सूर्यघर योजनेत सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे.

घोळ माझाच. गेल्या वर्षी पाण्याच्या मीटरवर बोलताना "मीटर नाही बसवले तर टँकर बंद होतील" अशी भीती घातली. ठराव पास झाला. नंतर तळमजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं, "काय रे, टँकर तर रोज येतोय!" तोंड लपवायला जागा नव्हती.

पावसाळ्यात वीज कमी मिळते, वॉटरप्रूफिंग आधी करावं लागेल, हे सुरुवातीलाच सांगू की कोणी विचारल्यावर? बायको म्हणते आधीच सांग. सेक्रेटरी म्हणतात, "स्वतःच्या पायावर धोंडा कशाला?"

आणि हो, माईक हातात आला की कागद थरथरतो. त्यावर काही इलाज? अशा सभांत बोललेल्यांनी कृपया सांगा, सुरुवात आकड्यांनी करू की आमच्या लिफ्टच्या बिलाने?