मिग-२१ चं एक तरी विमान उडतं ठेवायला हवं होतं की नको?

आभाळवेडा
२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगढला मिग-२१ शेवटचं उडालं. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग स्वतः 'बादल' फॉर्मेशनमध्ये होते, स्क्वॉड्रन लीडर प्रिया शर्मा होत्या. विमानं उतरल्यावर पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली, फॉर्म ७०० (विमानाच्या देखभालीची नोंदवही) संरक्षणमंत्र्यांच्या हातात दिला, संपलं. १९६३ साली याच चंडीगढला दिलबाग सिंग यांच्या हाताखाली २८ क्रमांकाची स्क्वॉड्रन पहिली मिग घेऊन उभी राहिली होती. पुढे तेच हवाई दलप्रमुख झाले.

माझं म्हणणं सरळ आहे. आता ही विमानं खांबावर चढणार. कुठल्यातरी चौकात तिरकं लावलेलं मिग, खाली पाटी, शेपटीत कबुतरं. आपल्या हवाई दलाकडे व्हिंटेज फ्लाइट आहे, म्हणजे जुनी विमानं उडती ठेवणारी तुकडी. टायगर मॉथ, हार्वर्ड, डाकोटा 'परशुराम' तिथे अजून उडतात. त्या ओळीत एक मिग-२१ यायला काय हरकत होती? वर्षातून चार वेळा, कसरती न करता, धावपट्टीवरून एक सरळ फेरी. १४ डिसेंबर १९७१ ला विंग कमांडर बिश्नोईंच्या नेतृत्वाखाली ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं टाकणारं विमान कसं वाजत होतं, ते पुढच्या पिढीने फक्त मोबाइलवर ऐकायचं का?

मुक्ता_स
असहमत, आणि जरा रागानेच असहमत.

मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेले आकडे आहेत: घेतलेली मिग ८७२, त्यांतली ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक गेले, ३९ सामान्य नागरिक गेले. त्यानंतरही थांबलं नाही. मे २०२३ मध्ये राजस्थानात हनुमानगडजवळ मिग-२१ घरावर पडलं, तीन बायका गेल्या. विमानाशी त्यांचं काय देणंघेणं होतं?

आणि महाराष्ट्रात बसून आपण गाडगीळांना विसरायचं? फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेला. 'वैमानिकाची चूक' हा शिक्का आईवडिलांनी मुकाट्याने मान्य केला नाही. त्याची आई कविता गाडगीळ किती वर्षं त्यासाठी झगडल्या! त्या बाईंनी टीव्हीवर हा फवाऱ्यांचा सोहळा बघितला असेल तर त्यांना काय वाटलं असेल, एवढा विचार करा आणि मग आवाजाचं कौतुक करा.

लोहगावकर
मुक्ताताई, आकडे खरे आहेत, पण ते सगळ्या मिगांचे आहेत, एकट्या २१ चे नाहीत. आणि ही विमानं किती दशकं, किती तास उडली हे शेजारी ठेवल्याशिवाय नुसत्या बेरजेला अर्थ नाही.

दुसरं असं की पोरं मेली त्याचं मोठं कारण दिल्लीतल्या फायलींत आहे. ला फोंतेन समितीने १९८२ मध्ये सांगितलं होतं की प्रगत जेट ट्रेनर घ्या. ते ट्रेनर, म्हणजे हॉक, हवाई दलात दाखल झालं २००८ साली. मधली सव्वीस वर्षं विशी-बाविशीची मुलं किरण या साध्या ट्रेनरवरून जवळजवळ थेट मिगवर चढत होती, म्हणजे तासाला ३०० कि.मी.च्या वर वेगाने उतरणाऱ्या, नाक वर केल्यावर पुढचं धड दिसू न देणाऱ्या, एकाच इंजिनाच्या विमानावर. 'उडती शवपेटी' म्हणून विमानाच्या माथी सगळं मारलं की फाईल दाबून ठेवणारे सुटतात. म्हणून मला तो शब्द आवडत नाही.

धाग्याच्या प्रश्नावर मात्र मी कुंपणावर आहे.

मुक्ता_स
कुंपणावर बसा, पण विमान कुंपणाबाहेर पडतं हे लक्षात ठेवा.

बंड्या_बारामती
लढाऊ विमानांच्या स्क्वॉड्रन ४२ हव्यात, उरल्या २९. आणि इथे जुनं विमान हौसेने उडवायचं की नाही यावर चर्चा. आधी तेजस आणा म्हणावं.

आभाळवेडा
बंड्या, अवांतर. त्यावर वेगळा धागा काढ, तिथे तुझ्या बाजूने भांडतो.

काळा_चहा
इंग्लंडने हा प्रयोग करून पाहिलाय, म्हणून लिहितो. व्हल्कन बाँबर, एक्सएच५५८. १९६० साली हवाई दलात आलेलं. निवृत्तीनंतर लोकांनी वर्गणी काढून, लॉटरी निधीची मदत घेऊन ते २००७ मध्ये पुन्हा उडवलं. आठ वर्षं उडालं. मग रोल्स-रॉइस, बीएई आणि मार्शल या तिन्ही कंपन्यांनी सांगितलं की यापुढे आम्ही तांत्रिक जबाबदारी घेणार नाही. पैसे होते, प्रेम तर ओतू जात होतं, पण सही करायला कोणी नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये डॉनकास्टरला शेवटचं उड्डाण झालं, तेसुद्धा विमानतळावर झुंबड उडेल म्हणून वेळ शेवटपर्यंत गुलदस्त्यात ठेवून.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शोरहॅमच्या एअर शोमध्ये जुनं हॉकर हंटर लूप मारताना हमरस्त्यावर आदळलं. ११ जण गेले, सगळे जमिनीवरचे. वैमानिक वाचला. त्यानंतर तिकडे जुन्या जेटना लोकांसमोर कसरती करायला बंदी घातली आणि फक्त सरळ फेऱ्या मारू दिल्या. म्हणजे आभाळवेडा म्हणतात तेच, पण कुठल्या किमतीनंतर ते बघा.

ओझरची_लेक
मी आभाळवेडा यांच्या बाजूने, आणि माझं कारण वेगळं आहे.

बाबा ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) होते. मिग-२१ म्हटलं की सगळे वैमानिकांबद्दल बोलतात, ते बरोबरच आहे. पण साडेसहाशेच्या वर मिग-२१ नाशिक जिल्ह्यात बनली. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. सुरुवातीला रशियाहून आलेले भाग जोडले, नंतर कच्च्या मालापासून विमान उभं केलं. पुढे त्यांची बायसन ही सुधारित आवृत्ती केली तीही ओझरलाच. निफाड-पिंपळगावची, द्राक्षाच्या बागेतून उठून आलेली मुलं आयटीआय करून ध्वनीपेक्षा दुप्पट वेगाचं विमान बनवत होती. चंडीगढच्या सोहळ्यात या माणसांना मला तरी कुठे जागा दिसली नाही. एक विमान उडत राहिलं असतं तर निदान त्यांचं काम उडत राहिलं असतं.

काळा_चहा, स्वीडनमध्ये ड्राकेन आणि व्हिगेन आजही उडतात की! तीही एका इंजिनाचीच लढाऊ जेट आहेत.

निवृत्त_एअरमन
एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा. नोकरीची बरीच वर्षं मिगच्या पोटाखाली गेली. धागा कालपासून वाचतोय, राहवेना म्हणून लिहितो.

उडतं ठेवू नका.

कारण सांगतो. वैमानिक आत बसला की शिडीवर उभं राहून त्याला बांधायचं, इजेक्शन सीटच्या सुरक्षा पिना काढायच्या आणि त्या मोजून त्याच्या डोळ्यांसमोर धरायच्या. त्याने मान हलवली की शिडी काढायची. राजस्थानात मे महिन्यात त्या पत्र्याला हातमोज्याशिवाय हात लावता येत नाही, आणि तो पोरगा वर काच लावून आत. विमान परत आलं की ब्रेक पॅराशूट धावपट्टीच्या टोकावरून गोळा करायचं, सुकवायचं, घडी घालून पुन्हा शेपटीत कोंबायचं. ती घडी चुकली तर पॅराशूट उघडत नाही, विमान धावपट्टीबाहेर. अशी शंभर कामं आहेत. ही पुस्तकात बघून येत नाहीत, रोज करून हातात बसतात. वर्षातून चार फेऱ्या म्हणजे फिटरचाही हात बसत नाही आणि वैमानिकाचाही नाही. मिग रोज उडवणाऱ्यालाही माफ करत नव्हतं. तीन महिन्यांनी एकदा येणाऱ्याचं काय करेल?

शिवाय त्या सीटखाली स्फोटकं असतात. त्यांना मुदत असते. मुदत संपल्यावर एका विमानासाठी नवी कोण बनवून देणार?

ओझरच्या ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या रिव्हेटांवरून मी हात फिरवलाय. पण स्वीडनचं उदाहरण इथे लागू नाही. तिथे ज्यांनी विमान आखलं ती कंपनी घरची आहे. आपण बनवलं, पण आखलं मॉस्कोने.

ओझरची_लेक
काका, नमस्कार पोचवला. बाबांचं म्हणणं आहे की आखलं मॉस्कोने असलं तरी दुरुस्तीचं डोकं ओझरचंच होतं, आणि ते डोकं अजून शाबूत आहे.

निवृत्त_एअरमन
डोकं शाबूत आहे हे मान्य. पण बाबांच्या लाईनवरची माणसं आज पंच्याहत्तरीची आहेत. त्यांना रात्रपाळीला बोलावणार का?

लोहगावकर
कुंपणावरून उतरलो. काकांच्या बाजूला. एक दुरुस्ती सुचवतो: खांबावर चढवू नका, शेडमध्ये ठेवा, आणि लोकांना कॉकपिटमध्ये बसू द्या. दोरी बांधून 'हात लावू नये' असं लिहिलेलं विमान मला खांबावरच्यापेक्षाही केविलवाणं वाटतं. इंजिन चालू करून जमिनीवरून फिरवता आलं तर आभाळवेडांना आवाजही मिळेल. इंग्लंडमध्ये काही व्हल्कन असेच धावपट्टीवर पळवतात, उडवत नाहीत.

आभाळवेडा
जमिनीवर पळणारं विमान म्हणजे पाण्याबाहेरचा मासा. नको.

काका, तुमच्या अनुभवापुढे मी कोण! पण सरावाचा मुद्दा घेऊन एक विचारतो. दोन आसनी ट्रेनर ठेवली तर? पुढे सराव असलेला, मागे जुना जाणता. दोघं मिळून सांभाळतील.

निवृत्त_एअरमन
ट्रेनरच्या मागच्या आसनावर बसून बघ एकदा. पुढच्याचं डोकं आणि सीट यांच्यामुळे समोरची धावपट्टी दिसत नाही, म्हणून रशियनांनी वर पेरिस्कोप लावलाय. जाणत्या माणसाला पाणबुडीसारखं आरशातून बघत उतरवायचं आहे का तुला?

आणि जुलै २०२२ ला बाडमेरला गेलं ते ट्रेनरच होतं. दोघंही गेले.

मुक्ता_स
काका, हे कोणीतरी तुमच्यासारख्याने लिहायला हवं होतं. आम्ही बोललो की भावनिक ठरतो.

निवृत्त_एअरमन
ताई, भावनिक मीही आहे. त्या दिवशी टीव्हीसमोर उभा होतो, बसलो नाही. पण टाळ्या वाजवल्या, हेही सांगतो. तुम्हाला तो सोहळा खटकला, मला नाही खटकला. सहाच्या सहा मिग धड उतरली म्हणून वाजवल्या.

आभाळवेडा
मी तरी हवाई दलाला पत्र लिहिणार आहे. एक विमान, व्हिंटेज फ्लाइट, सरळ फेरी. मसुदा रविवारी इथेच टाकतो. सही कोण करणार?

ओझरची_लेक
मी. बाबाही.

मुक्ता_स
मी नाही.

बंड्या_बारामती
त्यात तेजसचं एक वाक्य घाला, मग करतो.