चावरा झालेला ससा
‘ससा चावरा झाला आहे, बागेत सोडून द्यावा का’ असे एकाने विचारले आहे. कृपया तसे करू नये. पाळीव ससा युरोपातील रानसशाचा वंशज असून आपल्याकडील भटक्या कुत्र्या-मांजरांपुढे त्याचा निभाव लागत नाही. दात जन्मभर वाढत असल्याने तो वायरी कुरतडतो आणि वयात येताना, साधारण ४ ते ६ महिन्यांचा असताना, चावणे व जागोजागी मुतणे वाढते. सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडून नसबंदी करून घेतल्यास हे बहुधा कमी होते. तिन्हीसांजेला हवेत उडी घेऊन अंगाला झटका देत तो धावतो, तो निव्वळ आनंद असतो. तरीही दत्तक द्यायचाच असल्यास, समोरच्या कुटुंबात तो रोज किती तास मोकळा राहील आणि सुके गवत कायम मिळेल का, हे आधी विचारावे.