मदत हवी आहे: क्लॅटचे इंग्रजी उतारे लेकीला कळतात, तरी उत्तरं चुकतात

काळी_माती

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक बारावी आर्ट्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणित-विज्ञान तेवढं सेमी. तिला क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, देऊन लॉला जायचंय. आमचं लातूर म्हणजे नीट-जेईईचं गाव. शिकवण्यांच्या पाट्या मोजायला बसलात तर दिवस जाईल, पण क्लॅटचं विचारलं की समोरचा "ते वकिलीचं का?" म्हणतो आणि गप्प होतो. एक ऑनलाइन क्लास लावला होता. तिथं काहीही विचारा, "व्होकॅब वाढवा" हे एकच उत्तर. पैसे गेले, असो.

गेल्या रविवारच्या मॉकमध्ये (सराव परीक्षेत) इंग्रजीचे 24 प्रश्न होते. तिने 24 च्या 24 सोडवले. 11 बरोबर, 13 चूक. चुकीला पाव गुण कापतात, म्हणजे हातात आले 7.75. आणि गंमत अशी की तोच उतारा मराठीत सांग म्हटलं तर घडाघडा सांगते. मग अडतंय कुठं?

मेहनतीत कमी नाही. तीन महिने रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचते, अवघड शब्द वहीत उतरवते. दोनशे पानी दोन वह्या भरल्या. शेजारच्या वकीलसाहेबांच्या मुलाने त्याचं जुनं गाईड दिलंय, त्यातले समानार्थी-विरुद्धार्थी रोज वीस पाठ करते. परीक्षा डिसेंबरात, आता ऑगस्ट संपत आला. माझं कृषी सेवा केंद्र आहे, माझं इंग्रजी खताच्या गोणीवर असतं तेवढंच. म्हणून इथं विचारतोय.

टिवल्याबावल्या

रोज इंग्रजी सिनेमे बघायला सांगा, खालची अक्षरं वाचत. माझं इंग्रजी असंच सुधारलं.

काळी_माती

सिनेमे बघायला ती तयारच आहे हो, परवानगी माझ्याकडून मिळत नाही 🙂

तिसरं_वर्ष

काका, मी एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे, मीही मराठी माध्यमाचाच. पहिलं काम, ते गाईड परत करा. 2020 पासून क्लॅट बदलली. त्याआधी 200 प्रश्न असायचे आणि सुटे शब्दार्थ, व्याकरण विचारायचे. आता 120 प्रश्न, 120 मिनिटं आणि सगळं उताऱ्यांवर. इंग्रजीचे 22 ते 26 प्रश्न, उतारा साधारण साडेचारशे शब्दांचा. शब्दाचा अर्थ विचारला तरी त्या ओळीत तो शब्द कशासाठी आलाय हे विचारतात. वीस समानार्थी पाठ करून तिथं काही हाती लागत नाही.

दुसरं, 13 चुकले हे कळलं, पण कसे चुकले? तिला प्रत्येक चुकीपुढे एक ओळ लिहायला सांगा, "मी हा पर्याय का निवडला". "सिली मिस्टेक" असं लिहिलं तर खोडायला लावा. सिली मिस्टेक म्हणजे कारण शोधायचा कंटाळा.

जुनी_शाई

मी सांगलीकडे कनिष्ठ महाविद्यालयात सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. माझं ऐकाल तर आठवडाभर इंग्रजी बाजूला ठेवा. मुलीला मराठी उतारा द्या. आजार भाषेचा आहे की वाचण्याचा, हे आधी कळायला हवं. दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

खालचा उतारा मी आत्ताच लिहिलाय. तिला एकदाच वाचू द्या आणि उत्तर घ्या. तुम्ही मधे बोलू नका.

*गावातला आड बुजवायचा ठराव झाला तेव्हा विरोध करणारे सगळे म्हातारे होते. नळ येऊन बारा वर्षं झाली होती आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही घरी आडाचं पाणी भरलं जात नव्हतं. तरी ते दोन दिवस ग्रामपंचायतीसमोर बसून राहिले. सरपंचांनी आरोग्याचा मुद्दा समजावला, पाणी तपासणीचा अहवाल वाचून दाखवला. म्हाताऱ्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "खरंय तुमचं. मग आम्ही सकाळी जमायचं कुठं?"*

म्हाताऱ्यांच्या विरोधाचं कारण काय असावं?
अ) नळाच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता.
आ) जुने आड-विहिरी जपल्या तर दुष्काळात कामाला येतात.
इ) आड हे त्यांचं रोजचं भेटायचं ठिकाण होतं.
ई) तपासणीचा अहवाल त्यांना खोटा वाटला.

काळी_माती

सर, तिने "आ" सांगितलं. आणि मला विचाराल तर माझंही तेच आलं असतं.

का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पप्पा, खरंच आहे ना ते." 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तेव्हा ही आठ वर्षांची होती. टँकर आला की घागर घेऊन माझ्या आधी पळायची. तिला आड म्हटलं की दुष्काळ आठवणारच.

जुनी_शाई

मिळालं दुखणं. वाक्य खरं आहे, पण उताऱ्यात दुष्काळ कुठं आहे? एक शब्द दाखवा. मुलगी हुशार आहे, तिला पुष्कळ माहीत आहे, आणि पर्याय वाचताना ती त्या माहितीला विचारते. पर्याय बनवणारा नेमका याच्यावर टपलेला असतो. एक पर्याय जगात खरा पण उताऱ्यात नसलेला, एक उताऱ्यातलेच शब्द उचलून उलटा अर्थ करणारा, जसा इथं "ई". "खरंय तुमचं" म्हणणाऱ्या माणसाला अहवाल खोटा कसा वाटेल?

आता तिला एकच सवय लावा. पर्यायावर खूण करण्याआधी उताऱ्यातल्या ज्या ओळीच्या जिवावर तो निवडला, त्या ओळीखाली रेघ मारायची. रेघ मारायला ओळ सापडली नाही तर पर्याय बाद, मग तो कितीही शहाणा वाटो. अशी दहा मराठी उताऱ्यांवर तालीम झाली की इंग्रजीकडे वळा. मराठी पेपरातला अग्रलेखही चालेल, प्रश्न तुम्ही काढा.

तिसरं_वर्ष

सरांशी सहमत, फक्त दहा उतारे मराठीत घालवायला वेळ नाही. तीन पुरे. परीक्षा गेली दोन-तीन वर्षं डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होतेय.

जुनी_शाई

पाच. पुढे बोलणी नाहीत.

काळी_माती

चुकांची यादी झाली. 13 पैकी शब्द न कळल्यामुळे फक्त 2. शेवटच्या उताऱ्यात घाई झाली म्हणून 3. पर्यायात "ऑल", "ऑलवेज", "ओन्ली" होतं तिकडे लक्षच गेलं नाही म्हणून 3. आणि उरलेले 5 लेखकाचं मत काय आहे या प्रश्नांवरचे. या पाचांत दोन ठिकाणी तिने चक्क उलटं मत लिहिलंय. म्हणजे लेखक ज्याच्या विरोधात आहे, तेच त्याचं मत म्हणून. दोन वह्या भरल्या त्या दोन प्रश्नांसाठी! तिने वहीकडे अशी काही नजर टाकली की मला हसू आवरेना.

भाषांतरवाला

त्या पाच चुकांबद्दल बोलतो, पोटापाण्याचा धंदा भाषांतराचा आहे म्हणून. अवघड शब्द माणसाला फारसे फसवत नाहीत, कारण तिथं आपण सावध असतो. फसवतात ते सोपे शब्द. "द रिफॉर्म वॉज एनीथिंग बट पॉप्युलर." यातला एकही शब्द तुमच्या लेकीने वहीत उतरवला नसेल. पण अर्थ काय? सुधारणा लोकप्रिय तर मुळीच नव्हती. नवखा वाचक "एनीथिंग बट" म्हणजे "काहीही असो पण लोकप्रिय" असं समजून पुढे जातो आणि तिथून सगळा उताराच उलटा वाचतो. याचा भाऊ "ऑल बट". "ऑल बट फरगॉटन" म्हणजे जवळजवळ विस्मृतीत गेलेलं. "फ्यू" म्हणजे जवळपास कुणी नाही, "अ फ्यू" म्हणजे थोडेफार आहेत. एका "अ"चा फरक. "हार्डली", "बेअरली" यांच्यात "नाही" दडलेलं असतं आणि "नॉट" कुठं दिसत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे "टू बी शुअर". शब्दशः वाटतं की लेखक खात्रीने सांगतोय. प्रत्यक्षात तो समोरच्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं मान्य करतोय, दोन वाक्यांनी "बट" नाहीतर "येट" येणार आणि खरं मत त्याच्यानंतर. आपल्याकडे कुणी "तसं मुलगा चांगला आहे हो" असं सुरू केलं की पुढचा "पण" आपल्याला ऐकू येण्याआधीच कळतो. हे स्थळ नाकारलं जाणार, हे बैठकीतल्या लहान पोरालाही समजतं. इंग्रजीतला तो "तसं" ओळखायला शिकायचंय. अंदाज सांगू? उलटी मतं लिहिलेल्या दोन उताऱ्यांत हेच निघेल.

काळी_माती

एकात निघालं! "टू बी शुअर" नव्हतं, "ग्रँटेड" होतं. दुसऱ्यात लेखकाने आधी दोन परिच्छेद विरोधकांचं म्हणणं मांडलंय आणि "क्रिटिक्स आर्ग्यू" असं फक्त पहिल्याच वाक्यात म्हटलंय. ही ते विसरून गेली. तिसऱ्या वहीचं पहिलं पान आता या बारक्या शब्दांचं.

तिसरं_वर्ष

मस्त. "कोण बोलतंय" हे समासात लिहायची सवय लावा. "ले" म्हणजे लेखक, "वि" म्हणजे विरोधक, बस.

आता वेळेचं. पूर्ण पेपरात वीसेक उतारे धरा. साडेचारशेने गुणलं की आठ-नऊ हजार शब्द, वर प्रश्न आणि पर्याय वेगळे. सहा प्रश्नांच्या उताऱ्याला सहा मिनिटं मिळतात. मिनिटाला दीडशे शब्दांनी वाचलं तर तीन मिनिटं वाचण्यात जातात, उरलेल्या तीन मिनिटांत सहा प्रश्न. जमतं, पण परत परत वाचायला वाव नाही. म्हणून प्रश्नांवरून आधी नुसती नजर फिरवायची, पर्याय अजिबात वाचायचे नाहीत. आधी पर्याय वाचले की चार खोट्या-खऱ्या गोष्टी डोक्यात घेऊन आपण उतारा वाचायला लागतो. (यावर आमच्या हॉस्टेलमध्ये दोन तट आहेत, काही जण प्रश्नसुद्धा आधी बघत नाहीत. दोन्ही करून बघा आणि गुण मोजा.)

आणि ती सराव मोबाईलवर करते का? क्लॅट कागदावर होते, उत्तरांचे गोल काळे करायची ओएमआर पत्रिका असते. प्रश्नपत्रिकेवर रेघा मारता येतात. सरांची रेघेची युक्ती मोबाईलवर जमणार नाही. परीक्षा घेणाऱ्या विधी विद्यापीठांच्या कन्सोर्टियमच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे पेपर आहेत, झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या. आणि 24 पैकी 24 सोडवायचा हट्ट सोडायला सांगा. दोन पर्याय खात्रीने बाद झाले तर उरलेल्या दोनांत अंदाज मारायला हरकत नाही, एकही बाद होत नसेल तर सोडून द्यायचा.

वाळवण

मधेच घुसते. राज्याची पाच वर्षांच्या लॉची सीईटीपण भरून ठेवा दादा, तिथं चुकीचे गुण कापत नाहीत. आमच्या भाचीने दोन्ही भरल्या होत्या, सीईटीनेच तारलं. बाकी धागा वाचनखूण करून ठेवतेय, धाकटीसाठी.

काळी_माती

साडेतीन आठवड्यांनी येतोय, हंगामामुळे दुकानातून मान वर काढायला वेळ नव्हता.

सर, मराठी पाच उतारे झाले. पहिल्या दोनांत तेच, "खरंच आहे ना पप्पा". तिसऱ्यापासून पेन हातात धरून ओळ शोधायला लागली. नंतर इंग्रजी, छापील. परवाच्या मॉकमध्ये 24 पैकी 20 सोडवले, 13 बरोबर, 7 चूक, गुण 11.25. डोंगर काही हलला नाही, पण 7.75 वरून आलोय. सातपैकी चार अजून लेखकाच्या मतावरचेच आहेत, त्यावर भाषांतरवाले दादांनी सांगितलेलं पान रोज एकदा वाचून घेते. वेग मात्र कमी झालाय, रेघा मारण्यात वेळ जातो. शेवटचा उतारा अर्धाच झाला. तो वेग आपोआप येतो की त्यासाठी वेगळं काही करायचं?

तिसरं_वर्ष

येतो. माझा दोन महिन्यांनी आला. तोवर रोज एकच उतारा घड्याळ न लावता आणि एक घड्याळ लावून. दोन्हींचे गुण वेगवेगळे लिहा. घड्याळाशिवायही चुकत असेल तर वेगाच्या मागे लागू नका.

काळी_माती

बरं. आणखी एक. सरांनी सांगितलेले पाच उतारे संपले म्हणून काल रात्री मी स्वतःच एक मराठी उतारा लिहिला. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली औषधं दुकानदाराच्या गळ्यात मारतात, त्यावर. चार पर्यायही काढले. दुकानदाराची भूमिका काय, असा प्रश्न होता. लेकीने वाचला, पेन फिरवला आणि म्हणाली, "पप्पा, ब आणि ड दोन्हींना ओळ सापडतेय. तुमचा प्रश्नच चूक आहे."

सर, उतारा टाकू का इथं? जरा तपासून द्याल?

जुनी_शाई

टाका. आणि त्या दोन ओळी कोणत्या, ते तिच्या हातूनच लिहून घ्या.